मोठी संख्या हाती आली की काय करावे: १,९८,२८,५३६ घेऊन पायरीपायरीने

मोठ्या पूर्ण संख्येबद्दल विचारता येणारे बहुतेक प्रश्न शेवटी एकाच कामावर येऊन थांबतात: तिचे मूळ अवयव पूर्ण पाडून झाले आहेत का? तिला विभाजक किती, ती विपुल की न्यून, वर्गमुक्त (१ हून मोठ्या कोणत्याही वर्गाने भाग न जाणारी) आहे का, दोन वर्गांची बेरीज म्हणून मांडता येईल का, हे सगळे अवयवांच्या एका ओळीवरून सांगता येते. म्हणून नवख्याने वर्गीकरणाच्या नावांची यादी पाठ करत बसू नये. आधी अवयव पाडावेत, ताळा पाहावा, मग नावे लावावीत. इथे १,९८,२८,५३६ ही एकच संख्या शेवटपर्यंत घेतली आहे. कागद, पेन्सिल आणि ३१ पर्यंतच्या अकरा मूळ संख्या (२, ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३, २९, ३१) एवढ्यावर काम भागते.

पायरी १: संख्या नीट उतरवून घ्या

एक कोटी अठ्ठ्याण्णव लाख अठ्ठावीस हजार पाचशे छत्तीस. अंक आठ. संख्या एकदा मोठ्याने वाचा, कारण उतरवताना होणारी नेहमीची चूक म्हणजे शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल, आणि ५३६ चे ५६३ झालेले नुसते बघून लक्षात येत नाही.

आता कागदाच्या कोपऱ्यात दोन आकडे लिहून ठेवा. पहिला, अंकांची बेरीज: १ + ९ + ८ + २ + ८ + ५ + ३ + ६ = ४२. दुसरा, एककाकडून सुरुवात करून एकाआड एक अधिक-वजा: ६ − ३ + ५ − ८ + २ − ८ + ९ − १ = २. अंकांची जागा बदलली तरी पहिला आकडा बदलत नाही, त्यामुळे तो एकटा पुरत नाही. शेजारचे दोन वेगळे अंक उलटले तर दुसरा मात्र हमखास बदलतो. दुसरा आकडा काढताना सुरुवात एककाकडूनच करायची. आठ अंकी संख्येत डावीकडून निघालात तर चिन्ह उलटते, २ च्या जागी −२ येतो आणि पुढचा ताळा जुळत नाही.

पायरी २: भागाकाराआधी कसोट्या

शेवटचा अंक ६, म्हणजे २ ने भाग जातो आणि ५ ने जात नाही. शेवटचे दोन अंक ३६, म्हणून ४ ने भाग जातो. शेवटचे तीन अंक ५३६ = ८ × ६७, म्हणून ८ नेही जातो. शेवटच्या चार अंकांचे ८५३६ घ्या: १६ × ५३३ = ८५२८, बाकी ८. म्हणजे १६ ने जात नाही. २ हा अवयव नेमका तीन वेळा आहे, हे इथेच ठरले.

अंकांची बेरीज ४२ आहे. तिला ३ ने भाग जातो, ९ ने जात नाही. म्हणजे ३ हा अवयव नेमका एकदाच आहे. या एका ओळीत बरेच दडले आहे. पूर्ण वर्गात प्रत्येक मूळ अवयव सम वेळा येतो आणि पूर्ण घनात तीनच्या पटीत येतो. आपल्या संख्येत ३ एकदाच आहे, तेव्हा ती वर्गही नाही आणि घनही नाही. अजून एकही लांब भागाकार केलेला नाही, तरी दोन प्रश्न निकालात निघाले.

कोपऱ्यातला दुसरा आकडा २ आहे. तो ० किंवा ११ ची पट असता तर ११ ने भाग गेला असता. तसा नाही, त्यामुळे ११ बाद.

आता ७ आणि १३. यांच्यासाठी वेगवेगळ्या क्लिष्ट युक्त्या शिकवल्या जातात, पण एक कसोटी दोघांचे (आणि ११ चेही) काम करते. ७ × ११ × १३ = १००१. म्हणजे १००० हे १००१ पेक्षा एकाने कमी, आणि म्हणूनच तीन-तीन अंकांचे गट एकाआड एक अधिक-वजा केले की १००१ ने भागल्यावर येणारी बाकी बदलत नाही. उजवीकडून गट पाडा: ५३६, ८२८, १९.

५३६ − ८२८ + १९ = −२७३

ऋण चिन्हाची चिंता नको. २७३ = ३ × ७ × १३. म्हणजे ७ नेही भाग जातो आणि १३ नेही. ११ ने जात नाही, हे पुन्हा पक्के झाले.

इथे मराठीत आकडे लिहिणाऱ्यांची एक चूक जवळजवळ ठरलेली असते. आपले स्वल्पविराम हजारानंतर दोन-दोन अंकांवर पडतात: १,९८,२८,५३६. डोळा त्या स्वल्पविरामांवर जातो आणि गट तसेच उचलले जातात. मग हिशेब होतो ५३६ − २८ + ९८ − १ = ६०५, आणि ६०५ = ५ × ११ × ११. यावरून निष्कर्ष निघतो की ११ ने भाग जातो आणि ७, १३ ने जात नाही. खऱ्या उत्तराच्या अगदी उलट! म्हणून ही कसोटी लावण्याआधी संख्या स्वल्पविराम काढून पुन्हा लिहा: १९८२८५३६. मगच तीन-तीनचे गट पाडा.

पायरी ३: अवयव पाडा

लहान मूळ संख्येपासून सुरुवात करा, आणि ज्याने भाग गेला त्यानेच पुन्हा भागून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

१९८२८५३६ ÷ ८ = २४७८५६७
२४७८५६७ ÷ ३ = ८२६१८९
८२६१८९ ÷ ७ = ११८०२७
११८०२७ ÷ ७ = १६८६१
१६८६१ ÷ ७ = २४०८, बाकी ५ (इथे ७ संपले)
१६८६१ ÷ १३ = १२९७

मधली ओळ नीट पाहा. पायरी २ मध्ये ७ ने भाग जातो एवढेच कळले होते, किती वेळा ते कळले नव्हते. ७ ने एकदा भागून पुढे गेलात तर दुसरा ७ उरलेल्या संख्येत राहतो. पुढे कधीतरी तो हाती लागला तर ठीक, नाही तर विभाजकांची संख्या, विभाजकांची बेरीज, वर्गमुक्तता सगळेच चुकते. घातांक अपुरा राहणे ही अवयव पाडण्यातली सर्वांत महागात पडणारी चूक.

दुसरी जागा १६८६१ ची. पाच अंकी, विषम, शेवटी १, अंकांची बेरीज २२. दिसायला ही संख्या मूळ वाटते आणि पुष्कळ जण इथेच थांबतात. पण ८६१ − १६ = ८४५, आणि ८४५ = १३ × ६५. संख्या मूळ आहे की नाही हे तिच्या रूपावरून कधीही ठरवू नये.

पायरी ४: थांबायचे कुठे

आता १२९७ उरले. संख्या संयुक्त असेल तर तिच्या वर्गमुळाएवढा किंवा त्याहून लहान असा एक तरी मूळ अवयव तिला असतोच. ३६ × ३६ = १२९६ आणि ३७ × ३७ = १३६९. म्हणजे ३६ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की पुरे. २, ३, ५, ७, ११ आधीच बाद झाल्या आहेत. १३ ने पुन्हा भागून पाहा: बाकी १०. पुढे १७ ने बाकी ५, १९ ने ५, २३ ने ९, २९ ने २१, ३१ ने २६. पुढची मूळ संख्या ३७, आणि तिचा वर्ग १२९७ च्या पलीकडे जातो. १२९७ मूळ आहे.

वर्गमूळ काढायचे ते उरलेल्या संख्येचे. मूळच्या संख्येचे वर्गमूळ ४४५२ आणि ४४५३ यांच्या मध्ये आहे. तीच मर्यादा धरून बसलात तर सहाशेच्या वर मूळ संख्यांनी भागून पाहावे लागेल. प्रत्येक भागाकारानंतर मर्यादा नव्याने काढत गेलो, म्हणून ११ मूळ संख्यांत काम झाले.

अवयवांची पूर्ण ओळ:

१,९८,२८,५३६ = २ × २ × २ × ३ × ७ × ७ × १३ × १२९७

पायरी ५: ताळा

गुणाकार उलटा करून पाहणे चांगलेच, पण त्याआधी कोपऱ्यातले दोन आकडे वापरा. ९ ने भागल्यावरच्या बाक्या घ्या: ८ साठी ८, ३ साठी ३, ४९ साठी ४, १३ साठी ४, १२९७ साठी १. गुणाकार ३८४, त्याच्या अंकांची बेरीज १५, पुन्हा बेरीज ६. मूळ संख्येची ४२, म्हणजे ६. जुळले.

११ ने बाक्या: ८, ३, ५, २ आणि १०. ८ × ३ = २४, बाकी २. २ × ५ = १०. १० × २ = २०, बाकी ९. ९ × १० = ९०, बाकी २. कोपऱ्यातही २ च आहे. दोन्ही ताळे जुळले की अवयव बरोबर असण्याची शक्यता खूप मोठी. एक जुळला आणि एक नाही, तर कुठेतरी चूक नक्की आहे. पण दोन्ही जुळणे म्हणजे सिद्धता नव्हे, त्यामुळे शेवटी पूर्ण गुणाकार एकदा करावाच.

पायरी ६: आता नावे लावा

विभाजकांची संख्या काढताना प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार करतात. घातांक ३, १, २, १, १. म्हणून ४ × २ × ३ × २ × २ = ९६ विभाजक. १ का मिळवायचा? कारण प्रत्येक विभाजक बनवताना २ एकदाही न घेणे, एकदा, दोनदा किंवा तीनदा घेणे असे चार पर्याय असतात. ‘एकदाही न घेणे’ हा पर्याय विसरून घातांकांचाच गुणाकार केला तर ३ × १ × २ × १ × १ = ६ असे हास्यास्पद उत्तर येते, आणि तरीही ही चूक सर्रास होते.

९६ हा आकडा मोठा वाटतो, पण फसू नका. आपल्यापेक्षा लहान असलेल्या १,७२,९७,२८० ला ५१२ विभाजक आहेत. आपल्याहून लहान कोणत्याही संख्येपेक्षा जास्त विभाजक असणाऱ्या संख्यांचा मोठा अभ्यास श्रीनिवास रामानुजन यांनी १९१५ च्या निबंधात केला. त्या वर्गात आपली संख्या बसत नाही. १२९७ सारखा मोठा अवयव पोटात असला की संख्या वाढते, विभाजक मात्र फक्त दुप्पट होतात.

विभाजकांची बेरीज काढताना प्रत्येक मूळ अवयवाची स्वतंत्र बेरीज करून मग गुणायचे:

२ साठी १ + २ + ४ + ८ = १५
३ साठी १ + ३ = ४
७ साठी १ + ७ + ४९ = ५७
१३ साठी १४
१२९७ साठी १२९८

गुणाकार ६,२१,४८,२४०. सातच्या ओळीत ८ × ८ = ६४ लिहिण्याचा मोह होतो. तसे केले तर ७ हा विभाजक दोनदा मोजला जातो, म्हणूनच ६४ आणि ५७ मध्ये सातचा फरक पडतो.

आता या बेरजेतून संख्या स्वतः वजा करा: ६,२१,४८,२४० − १,९८,२८,५३६ = ४,२३,१९,७०४. ही स्वतःखेरीज इतर सर्व विभाजकांची बेरीज. ती संख्येपेक्षा मोठी, म्हणून संख्या विपुल. लहान असती तर न्यून, नेमकी तेवढीच असती तर ६ किंवा २८ सारखी परिपूर्ण. वजाबाकी विसरून पूर्ण बेरजेशीच तुलना केली तर १ पेक्षा मोठी प्रत्येक संख्या विपुल ठरेल. अगदी १२९७ सुद्धा, कारण तिथे १२९८ येतात.

४ आणि ४९ ने भाग जातो, तेव्हा संख्या वर्गमुक्त नाही. प्रत्येक मूळ अवयव एकेकदाच घेतला तर २ × ३ × ७ × १३ × १२९७ = ७,०८,१६२ हा तिचा वर्गमुक्त गाभा मिळतो.

तिच्याशी सहमूळ असलेल्या (म्हणजे १ खेरीज सामाईक विभाजक नसलेल्या), तिच्याहून लहान संख्या किती, हे गणितज्ञ ऑयलरच्या रीतीने येते: ४ × २ × ४२ × १२ × १२९६ = ५२,२५,४७२. यातला ४ हा ८ − ४ मधून, २ हा ३ − १ मधून आणि ४२ हा ४९ − ७ मधून आला आहे. तिथे ६ × ६ लिहू नये.

दोन वर्गांची बेरीज? नियम असा: ४ ने भागल्यावर ३ बाकी उरणारा प्रत्येक मूळ अवयव सम वेळा आला पाहिजे. ७ दोनदा आहे, चालेल. ३ एकदाच आहे, तिथेच अडले. म्हणून नाही. याउलट दोन वर्गांची वजाबाकी मात्र सहज मिळते, कारण ४ ने भाग जातो. चौथा हिस्सा ४९,५७,१३४. त्याच्या पुढच्या आणि मागच्या संख्यांचे, म्हणजे ४९,५७,१३५ आणि ४९,५७,१३३ यांचे वर्ग वजा केले की नेमकी आपली संख्या येते.

त्रिकोणी संख्या (१ + २ + ३ + … अशा बेरजेतून येणारी) आहे का हे पाहायला अवयव लागत नाहीत. संख्येला ८ ने गुणून १ मिळवा आणि पूर्ण वर्ग येतो का पाहा. इथे १५,८६,२८,२८९ येतात. १२५९४ चा वर्ग १५,८६,०८,८३६ आणि १२५९५ चा १५,८६,३४,०२५. संख्या मध्येच पडली, म्हणून त्रिकोणी नाही. त्रिकोणी संख्येचा शेवटचा अंक २, ४, ७ किंवा ९ कधीच नसतो, पण इथे ६ असल्यामुळे त्या झटपट चाळणीचा उपयोग झाला नाही.

एक वर्ग कमी ओळखीचा, पण सुंदर आहे. १ पासून त्या संख्येपर्यंतची प्रत्येक संख्या तिच्याच वेगवेगळ्या विभाजकांच्या बेरजेतून मिळाली, तर इंग्रजीत तिला प्रॅक्टिकल म्हणतात. हे नाव ए. के. श्रीनिवासन यांनी १९४८ मध्ये दिले. ९६ विभाजक जुळवत बसायची गरज नाही. अवयव चढत्या क्रमाने घ्या आणि प्रत्येक नवा मूळ अवयव ‘आधीच्या भागाच्या विभाजकांची बेरीज अधिक १’ पेक्षा मोठा नाही ना, एवढेच बघा. ८ ची बेरीज १५, नवा अवयव ३, चालेल. २४ ची ६०, नवा ७, चालेल. ११७६ ची ३४२०, नवा १३, चालेल. १५,२८८ ची ४७,८८०, नवा १२९७, तोही चालेल. म्हणजे आपली संख्या या वर्गात बसते.

पायरी ७: लिखाणाचे गुण वेगळ्या रकान्यात

आतापर्यंतचे सगळे गुण संख्येचे स्वतःचे आहेत. ती कोणत्याही पद्धतीत लिहिली तरी ते बदलत नाहीत. अंकांवरून ठरणारे गुण दशमान लिखाणाचे असतात आणि लिखाणाचा पाया (दशमानातला १०) बदलला की बदलू शकतात. हे दोन रकाने मिसळू नयेत.

अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्येला द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी हर्षद हे नाव दिले. आपली बेरीज ४२ = २ × ३ × ७, आणि हे तिन्ही अवयव संख्येत आहेतच. म्हणून ती हर्षद आहे. भागाकार ४,७२,१०८.

कापरेकरांचाच दुसरा प्रश्न: एखादी संख्या अधिक तिच्या अंकांची बेरीज, असे करून ही संख्या मिळते का? मिळत नसेल तर ती स्वयंभू. सगळ्या संख्या धुंडाळायची गरज नाही. ९ च्या बाक्यांवरून कळते की शोधायच्या संख्येच्या अंकांची बेरीज ९ ने भागल्यावर ३ उरले पाहिजेत, म्हणजे ३, १२, २१, ३०, ३९, ४८, ५७, ६६ एवढेच पर्याय. ३९ धरले तर १९८२८४९७ येते, तिची बेरीज ४८, जुळत नाही. ४८ धरले तर १९८२८४८८, आणि १ + ९ + ८ + २ + ८ + ४ + ८ + ८ = ४८. जुळले. म्हणजे आपली संख्या स्वयंभू नाही.

स्मिथ संख्येत अंकांची बेरीज आणि मूळ अवयवांच्या अंकांची बेरीज सारखी असते, जसे २२ = २ × ११ मध्ये दोन्हीकडे ४. आपल्याकडे २ + २ + २ + ३ + ७ + ७ + (१ + ३) + (१ + २ + ९ + ७) = ४६. हवे होते ४२. नाही. पुनरावृत्त अवयव प्रत्येक वेळी मोजायचे, हे इथे विसरतात.

द्विमान पद्धतीत ती १००१०१११०१०००११११००१११००० अशी, २५ स्थानांची दिसते. शेवटी तीन शून्ये, म्हणजे २ तीन वेळा. पायरी २ चा हा आयता ताळा.

संख्या याहून खूप मोठी असेल तर

दहा-बारा अंकांपलीकडे हाताने भागत बसण्यात अर्थ नाही. तिथे आधी संख्या मूळ आहे का हे चाचणीने पाहतात, मग अवयवांकडे वळतात. फर्माची साधी चाचणी (‘पाया’ म्हणून निवडलेल्या एका संख्येचा मोठा घात भागून बाकी पाहणारी) एकटी वापरू नका. ३४१ = ११ × ३१ ही संख्या पाया २ घेतला तर त्या चाचणीत मूळ म्हणून खपून जाते, आणि ५६१ = ३ × ११ × १७ तर तिच्याशी सहमूळ असलेल्या कोणत्याही पायाला फसवते. तिचेच कडक रूप असलेली मिलर-राबिन चाचणी वापरा. ३,२१,५०,३१,७५१ पेक्षा लहान संख्यांसाठी २, ३, ५, ७ हे चार पाये घेतले की तिचे उत्तर निश्चित असते. कोणत्याही आकाराच्या संख्येसाठी खात्रीची आणि तत्त्वतः जलद पद्धत २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली. प्रत्यक्ष कामात मात्र मिलर-राबिन आणि तिच्या जोडीच्या चाचण्याच जास्त सोयीच्या पडतात.

संगणकावर एक गोष्ट आवर्जून सांभाळा. स्प्रेडशीट साधारण १५ सार्थ अंकांपर्यंतच संख्या जपते, पुढच्या अंकांच्या जागी शून्ये येतात आणि कोणतीही सूचना मिळत नाही. जावास्क्रिप्टची नेहमीची संख्या ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ पर्यंतच भरवशाची. तिच्यात १ मिळवला तरी उत्तर तेच राहते. पायथनमध्ये पूर्णांक कितीही मोठे चालतात, पण भागाकार एका तिरक्या रेघेने केलात तर तिथेही दशांश संख्या तयार होऊन शेवटचे अंक हरवतात. पूर्ण भागाकारासाठी दोन तिरक्या रेघा आणि बाकीसाठी टक्क्याचे चिन्ह वापरा. सोळा-सतरा अंकी विषम संख्येला अचानक २ ने भाग जाऊ लागला, तर संख्या पुन्हा छापून मूळच्या आकड्याशी शेवटचे तीन अंक ताडून पाहा.